चार वायरींनी मोजणारा माणूस

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या मराठी माणसांच्या तोंडी ते नाव उठता-बसता असतं, त्यात माझी भर नको. कोणाची ई-सायकल चढावर धापा टाकायला लागली की विचारा त्यांना. कोणाच्या फोनची बॅटरी फुगली की विचारा त्यांना. पुण्याहून आणलेला मिक्सर इथल्या प्लगवर चालेल का, विचारा त्यांना. आता माझं म्हणाल तर मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधला एम.टेक. आहे, चिप तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तरी आमच्या समोरच्या दारातल्या मराठी कुटुंबाने मिक्सर घेऊन माझी बेल कधी वाजवली नाही. तो मिक्सर चार जिने उतरला, सायकलच्या कॅरिअरला बांधला गेला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्याकडे गेला. मी खिडकीतून बघत होतो.

तेव्हा आडपडदा न ठेवता सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगलं पोटात दुखायचं. त्यांचं कौतुक चाललेलं असलं की मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, पुरे आता.

ते आमच्याच कंपनीत होते. मी तिसऱ्या मजल्यावर, ते तळमजल्यावर कॅलिब्रेशनच्या खोलीत. कंपनीतला प्रत्येक मीटर वर्षातून एकदा त्यांच्या टेबलावर जाऊन यायचा आणि परत येताना त्याच्यावर हिरवं स्टिकर आणि त्यांची मुंगीएवढी सही असायची. शिक्षण म्हणाल तर कराडकडच्या कुठल्याशा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. म्हणजे मी दिवसभर ज्या मीटरवर भरवसा ठेवायचो, तो मीटर खरं बोलतोय की नाही, हे ठरवणार तो डिप्लोमावाला. हे मला पहिल्या महिन्यातच खुपलं आणि नंतर खुपतच राहिलं.

पहिली भेट झाली ती ऑफिसच्या सायकल स्टँडमागे. सिगारेट सुटावी म्हणून बायकोच्या धाकाने मी व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, घेतला होता. त्याची जादाची बॅटरी काढायला खिशात हात घातला, तर तिच्याबरोबर घराच्या किल्ल्यांचा जुडगा खणखणत बाहेर आला. शेजारी एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. अंगात मासे पकडणारे घालतात तसलं दहा-बारा खिशांचं जाकीट. त्यांनी माझ्या हाताकडे असं पाहिलं, जसा काही मी खिशातून विंचू काढला होता.

"मराठी ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मराठीतच सांगतो, म्हणजे डोक्यात बसेल. किल्ल्या आणि बॅटरी एका खिशात ठेवता?"

"एवढीशी तर आहे हो."

"एवढीशी आहे म्हणूनच खिशात मावते. एक किल्ली आडवी पडून दोन्ही टोकांना लागली की झालं. मांडी भाजेल. आणि इथे हाउसआर्ट्सची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ती आपोआप बरीही होईल."

इथल्या फॅमिली डॉक्टरवरचा तो विनोद त्यांनी अजिबात न हसता केला. मग एका खिशातून प्लास्टिकची डबी काढली, माझी बॅटरी तिच्यात ठेवली, टक्कन झाकण लावलं आणि डबी मला देऊन टाकली. त्यानंतर माझं नाव विचारलं. आधी डबी, मग नाव, असा त्यांचा क्रम.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, आज एक विक्षिप्त माणूस भेटला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं कोणीतरी सांगितलं. मी महिनाभर तेच सांगतेय." तेव्हापासून ती त्यांच्या बाजूची.

त्यांचा स्वतःचा व्हेप म्हणजे एक प्रकरणच होतं. दुकानात मिळतो तसला बटण दाबून ओढायचा नव्हे. त्यातली कॉइल, म्हणजे जी तार तापून धूर करते ती, ते स्वतः वळायचे. लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरवर तार गुंडाळायची, पकडीने सारखी करायची, आणि मग तिचा रेझिस्टन्स मोजायचा. ह्यातलं शास्त्र तसं सोपं आहे. कॉइलचे ओहम जितके कमी, तितका बॅटरीतून करंट जास्त ओढला जातो. धूर भरपूर येतो, आणि पोरं त्या धुरामागेच लागतात. पण बॅटरीचीही एक ताकद असते. तिच्या ताकदीबाहेर ओढलं की ती तापते, आणि फारच ओढलं की फुटते. हातात, नाहीतर तोंडासमोर.

गंमत म्हणजे हे गृहस्थ ओढायचे फारच थोडं. विड्या त्यांनी केव्हाच सोडल्या होत्या, आणि व्हेपमधलं निकोटीनही कमी करत करत शून्यावर आणलं होतं. तासभर खपून कॉइल बनवायची, तीन वेळा मोजायची, दोन झुरके घ्यायचे आणि उपकरण बंद करून खिशात ठेवायचं. ओढणं हा त्यांच्या लेखी मोजण्याचाच शेवटचा भाग होता. कोणी तरुण मुलगा धूर बघून हरखला की लगेच विचारायचे, "सिगारेट ओढता? नाही ना? मग ह्या भानगडीत पडायचं काही कारण नाही. चला, कॉफी पिऊ."

त्यांच्याकडे दोन बॅटऱ्यांवर चालणारंही एक उपकरण होतं. अशा उपकरणात दोन्ही बॅटऱ्या एकाच वयाच्या आणि सारख्याच वापरलेल्या लागतात. एक दमलेली आणि एक ताजी असली तर दमलेलीवर तिच्या ताकदीबाहेरचा ताण येतो. म्हणून ते विकत घेतानाच त्यांच्या जोड्या लावायचे. प्रत्येक बॅटरीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर देवनागरीत आकडा: एक-वर आणि एक-वधू, दोन-वर आणि दोन-वधू. जोडीतले दोघं एकत्र चार्ज होणार, एकत्र वापरले जाणार, आणि एकाची ताकद गेली की दोघांनाही एकदम पेन्शन. "ह्या जोडीतला नवरा त्या जोडीतल्या बायकोबरोबर चालणार नाही," असं ते गंभीरपणे सांगायचे. स्वतः बिनलग्नाचे. माझ्या बायकोला ह्या प्रकाराचं फार हसू यायचं. माझ्या कुठल्याही विनोदाला ती इतकी मोकळी हसल्याचं मला आठवत नाही, आणि मी आठवून पाहिलंय.

सुपरमार्केटात दारापाशी जुन्या बॅटऱ्या टाकायचं खोकं असतं. लोक येता-जाता त्यात बॅटऱ्या टाकतात आणि विसरतात. हे गृहस्थ दर शनिवारी सकाळी तिथे उभे राहून आत हात घालायचे, लिथियमच्या निवडून काढायचे, प्रत्येकीच्या टोकांना चिकटपट्टी लावायचे आणि परत आत ठेवायचे. उघडी टोकं एकमेकांना लागली तर खोकं पेटेल म्हणून. सुरुवातीला दुकानवाल्यांना ते चोर वाटले. पुढे पुढे काउंटरवरची मुलगीच चिकटपट्टी आणून द्यायला लागली. एकदा मी दूध घ्यायला गेलो होतो तेव्हा तिने मला विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मी म्हटलं, कोणी नाही.

त्यांची बोलण्याची एक ठरावीक तऱ्हा होती. कोणी आकडा सांगितला, कसलाही, की ते विचारायचे, "कसा मोजला?" बॅटरीच्या सालीवर चाळीस अँपिअर छापलंय म्हणून कोणी फुशारकी मारली की म्हणायचे, "सालीवर काहीही छापतात. आतला सेल कोणाचा आहे आणि बनवणाऱ्याने किती लिहिलंय ते बघा." बहुतेक वेळा ते निम्मं निघायचं. माहीत नसलं तर "माहीत नाही, मोजून सांगतो" म्हणून वस्तू घेऊन जायचे आणि दोन दिवसांनी खरंच सांगायचे.

ह्या सगळ्याचं मला हसू येत राहिलं असतं, पण प्रकरण घरात शिरलं. आमची मुलगी इथल्या शाळेत जाते. मराठी तिला कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. इथे प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. तिने विषय घेतला बॅटरी. मला वाटलं, आता आपली पाळी. मी चांगली अकरा स्लाइड्सची तयारी केली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मार दात इस साई," म्हणजे हे कंटाळवाणं आहे, आणि आईला घेऊन त्यांच्याकडे गेली. येताना चार लिंबं, तांब्याच्या पट्ट्या, जस्ताचे खिळे आणि एक छोटा दिवा घेऊन आली. वर्गात टाळ्या पडल्या. बायको त्यांना फोन करून अर्धा तास सांगत होती. मी त्या अकरा स्लाइड्स डिलीट केल्या आणि ठरवलं, एकदा ह्या माणसाला त्याच्याच खेळात हरवायचं. बायकोच्या देखत. तिने एकदा तरी त्यांच्याऐवजी माझ्याकडे यावं, एवढंच मला हवं होतं. एवढंच म्हणतोय खरा, पण त्यासाठी मी काय काय केलं ते आता येईलच.

मी नळीच्या आकाराचा एक व्हेप मागवला. नुसती धातूची नळी, आत एक बॅटरी, खाली बटण. चूक झाली तर करंट तोडणारं सर्किट वगैरे काही नाही. असला प्रकार ते स्वतः कधी वापरायचे नाहीत आणि इतरांनाही वापरू नका म्हणायचे, म्हणून तर मला तोच हवा होता. जाड तार घेतली, यूट्यूबवर बघून दोन कॉइली वळल्या, शेजारी शेजारी बसवल्या. घरातल्या मल्टिमीटरची दोन टोकं लावली. शून्य पूर्णांक तीन ओहम. गणित केलं. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी, तीन दशांश ओहम, म्हणजे चौदा अँपिअर. बॅटरी वीसची. अगदी आरामात. मी कागदावर त्या चौदाखाली दोन रेघा मारल्या.

दिवाळीच्या फराळाला इथल्या मराठी मंडळाने वस्तीतल्या सभागृहात दुपारी कार्यक्रम ठेवला होता. आत लहान मुलांची गाणी चालू होती, आणि आम्ही सहा-सात जण मागच्या फरसबंद अंगणात चकल्या खात उभे होतो. बायको दाराशी कोणाशी तरी बोलत होती. मी तो मुहूर्त साधला आणि नळी बाहेर काढली. बॅटरी अजून घातली नव्हती. ती डबीत होती, त्यांनीच दिलेल्या. सगळे भोवती जमले. तेही आले.

"स्वतः वळलीत कॉइल?"

"हो. तीन दशांश," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

त्यांनी टोपण काढून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होतो, उत्तरही तयार होतं. पण त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही. टोपण लावलं, नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "काम सुबक आहे. मला एक मदत कराल? माझ्या एका जोडीतली बॅटरी गेली. दुसरी मिळेपर्यंत तुमची ही देता? आत्ता लागणार आहे."

मला काय वाटलं सांगू? मला स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. सहा माणसांसमोर. मी एखादा दानशूर असल्यासारखा डबीसकट बॅटरी देऊन टाकली. त्यांनी ती जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली, आभार मानले, आणि चिवड्याची बशी घेऊन मुलांची गाणी ऐकायला आत गेले. धुराचा कार्यक्रम अर्थातच रद्द झाला, कारण त्या आकाराची दुसरी बॅटरी तिथे कोणाकडेच नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी ती नळी माझ्या बॅगेतच होती. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये कोणी नव्हतं. सहज गंमत म्हणून मी कॉइल आमच्या चांगल्या मीटरवर लावली. आता हे जरा समजावून सांगायला हवं. साध्या मीटरच्या दोन वायरींना स्वतःचाही थोडा रेझिस्टन्स असतो. मोठी वस्तू मोजताना तो जाणवत नाही. पण ओहमच्या दहाव्या भागाशी गाठ असली की मीटर वस्तू कमी आणि स्वतःच्या वायरीच जास्त मोजतो. म्हणून अशा वेळी चार वायरी लावतात. दोन वायरी करंट नेतात, दोन नुसत्या बघतात. हे मी रोज करतो. रोज. ह्याचा मला पगार मिळतो. नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी मीच हे सांगतो.

चार वायरींवर कॉइल आली एक दशांशाच्याही जरा खाली. चौदा नव्हे, चाळीसच्या वर अँपिअर. वीसच्या बॅटरीतून. आणि ती मी ओठांना लावून, बायकोकडे एक डोळा ठेवून, बटण दाबणार होतो.

मी स्टुलावर बसलो. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. जो माणूस एका जोडीतला नवरा दुसऱ्या जोडीतल्या बायकोशेजारी बसवत नाही, तो माझी कुठली कुठली वापरलेली एकटी बॅटरी आपल्या जोडीत कशी घालेल? त्यांना बॅटरी नकोच होती. त्यांनी नुसती तारेची जाडी आणि वेढे बघून ओळखलं होतं. सहा माणसांसमोर माझी अक्कल काढायची संधी चालून आली होती, आणि त्यांनी माझ्याकडे मदत मागितली होती.

इथे कुठल्याही बऱ्या माणसाने खाली कॅलिब्रेशनच्या खोलीत जाऊन हात जोडले असते. मी गेलो नाही. मला राग आला. माझा चेहरा वाचवला तो वाचवला, वर माझी अब्रूही वाचवली, म्हणजे त्यातही हे पुढे.

आमच्याकडे दर मंगळवारच्या मीटिंगच्या सुरुवातीला पाच मिनिटं कोणीतरी सुरक्षिततेवर बोलतं. त्या आठवड्यात पाळी माझी होती. विषय आयताच हाताशी होता: दोन वायरी, चार वायरी आणि व्हेपची कॉइल. सगळं इंग्रजीत होतं. मी सुरुवात केली, गणित सांगितलं, आणि ज्या जागी 'मी' म्हणायचं होतं तिथे माझ्या तोंडून निघालं, "आमच्या भारतीय मंडळींमधले एक गृहस्थ, जे स्वतः कॉइली वळतात." ठरवून केलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. अर्धं ठरवलेलं होतं.

तीस माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. साहजिक होतं. त्या इमारतीत कॉइली वळणारा माणूस म्हणजे तेच. आमची मॅनेजर डच आहे, आणि डच माणसं मनात आलेलं मनातच ठेवत नाहीत. तिने सरळ विचारलं, "तुम्हीच का ते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मग म्हणाले, "असं होतं खरं. वायरी लोक विसरतात."

एवढंच. पण ज्या माणसाने अख्ख्या कंपनीचे मीटर तपासायचे, तोच वायरींचा रेझिस्टन्स विसरला, ही गोष्ट दोन दिवसांत मजल्यामजल्यावर फिरली. नव्या लोकांना लिथियम बॅटरी कशी हाताळायची ते वर्षानुवर्षं तेच शिकवायचे, जाकिटाचे सगळे खिसे टेबलावर रिकामे करून. ते काम मॅनेजरने माझ्याकडे दिलं. मंडळातले लोक त्यांना काका म्हणायचे; तिथेही कुजबुज पोचली. समोरच्या दारातल्यांनी खरोखर माझी बेल वाजवली आणि विचारलं, "हा हीटर तुम्ही बघाल का? नाही म्हणजे, काकांचं आता वय झालं." मी हीटर बघितला. उत्तरही लगेच दिलं. लोक माझ्याकडे यायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, पहिले काही आठवडे मला छान वाटलं. ऑफिसच्या जिन्यात ते भेटले की "काय, बरं आहे ना?" म्हणायचे. कॉफीला मात्र आमच्या घरी यायचे, ते बंद झालं. बायको बोलवायची, ते काहीतरी कारण सांगायचे.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी बायकोची ई-सायकल स्टेशनबाहेर पडली. बॅटरीच्या कव्हरला लांब चीर गेली. तिने बॅटरी काढून बाल्कनीत, मातीच्या रिकाम्या कुंडीत नेऊन ठेवली आणि फोन हातात घेतला.

"कोणाला करतेस?" मी विचारलं. "आण इकडे, मी बघतो. काही होत नाही, नुसतं कव्हर आहे."

"नको. काकांना विचारते."

"अगं, आता सगळे मला विचारतात."

"माहितीये." तिने फोन खाली ठेवला. "फराळाच्या दिवशी त्यांनी तुझी बॅटरी नेली, तेव्हा मी दारात उभी होते. त्यांच्या जोड्या मला माहीत नाहीत का? तेव्हाच कळलं मला, तू काहीतरी घोळ घातलायस आणि ते निस्तरतायत. मग तुझ्या ऑफिसातली गोष्ट कानावर आली, की काकांनी म्हणे दोन वायरींनी मोजलं."

मी खुर्ची ओढून बसलो. कसाबसा म्हणालो, "मग तू काही बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. दोन महिने थांबले." ती चिडली नव्हती, दमल्यासारखी बोलत होती. "आणि मी त्यांना का विचारते माहितीये? ते आधी म्हणतात, माहीत नाही. तुझ्याकडे उत्तर आधीच तयार असतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, तुझ्या तोंडून 'माहीत नाही' मी एकदाही ऐकलेलं नाही."

मग तिने माझ्यासमोरच त्यांना फोन केला. ते म्हणाले, चार्ज करू नका, कुंडीतच राहू द्या, ह्या नाही, पुढच्या रविवारी येऊन बघतो.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो. एका खोलीचं घर, खिडकीखाली टेबल. ते एका बॅटरीची फाटलेली साल काढून नवी चढवत होते. बायका केस वाळवतात त्या ड्रायरने ती साल गरम करून आवळून बसवायची असते. मी दारातच सगळं बोलून टाकलं. कॉइल माझी, चूक माझी, मीटिंगमधलं बोलणं जाणूनबुजून केलेलं. त्यांनी ड्रायर बंद केला.

"तुम्ही तिथल्या तिथे का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमची माझी जुंपली असती. ती लोकांनी लक्षात ठेवली असती आणि वायरी विसरले असते."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं की." त्यांनी बॅटरी उलटी करून बघितली. "बोललात त्याचं कमी. शिकवणं काढून घेतलं, त्याचं फार. दोन दिवस घरात कशाला हात लावला नाही. काही मोजावंसंच वाटेना."

मी माफी मागितली. त्यावर हो नाही की नाही नाही. "बसा, चहा टाकतो," म्हणाले. चहा झाला. त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की मल्टिमीटरची टोकं नुसती एकमेकांना लावल्यावर किती आकडा येत होता. मी ते बघितलंच नव्हतं. "तेवढं बघायला हवं होतं," ते म्हणाले. जिना उतरताना माझ्या मनात काय आलं असेल? लाज, हो. पण तिच्या शेजारी तीच जुनी कळ. इतकं दुखवूनही हा माणूस मला चहा देऊ शकतो, आणि मी ह्याच्या जागी असतो तर दारसुद्धा उघडलं नसतं.

मंगळवारी मी मीटिंगमध्ये पाच मिनिटं मागून घेतली आणि तीस माणसांसमोर सांगितलं, त्या गोष्टीतला गृहस्थ मी होतो. मॅनेजर म्हणाली, "हे तू फार वाईट केलंस." सगळ्यांसमोर, सपाट आवाजात. मग तिने त्यांना विचारलं, पुढची नवी बॅच तुम्ही घ्याल का? त्यांनी डायरी काढून तारीख पाहिली आणि "घेतो" म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. मीटिंग पुढे सुरू झाली, आणि मी तासभर टेबलाच्या कडेकडे बघत बसलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको कांदा चिरत होती. मी कोट न काढताच तिला सगळं सांगितलं, मॅनेजरच्या वाक्यासकट. तिने सुरी खाली ठेवली.

"आणि काका? त्यांनी मनातून माफ केलं तुला?"

उत्तर नेहमीप्रमाणे तयार होतं. हो, चहा दिला की; डायरी काढली की; एवढा मोठ्या मनाचा माणूस आहे. ते अगदी जिभेवर आलं होतं. मी थांबलो. त्या घरातला चहा आठवला, मीटिंगमधली त्यांची खाली गेलेली नजर आठवली, आणि त्यातून काय समजायचं ते मला खरोखर कळेना.

"माहीत नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात धुतले, पदराला असावेत तसे जीन्सला पुसले आणि बाल्कनीचं दार उघडलं.

"चल बाहेर," ती म्हणाली. "सायकलची बॅटरी बघ जरा."